कुणाचं, कुणासाठी

"मॅडम, सैराटच्या फॉन्टमध्ये पाहिजे."

2016 च्या उन्हाळ्यात हे वाक्य मी दिवसाआड ऐकत होते. 29 एप्रिलला सिनेमा लागला आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून विरारमधला दर तिसरा वाढदिवस त्या अक्षरात साजरा व्हायला लागला. एका पोळीभाजी केंद्राची पाटीसुद्धा. मी समजावून सांगायची, की सिनेमाचं नाव बहुतेक वेळा तेवढंच काढलेलं असतं. तीन अक्षरं, संपलं. त्याची अख्खी बाराखडी कुठे मिळत नाही. समोरचा शांतपणे ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "बरं, मग त्याच्यासारखं करा." मग मी करायची. धंदा आहे.

विरार पश्चिमेला, आगाशी रोडवरून आत गेलं की एका गल्लीत माझा दहा बाय बाराचा गाळा आहे. लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्डं, पावती पुस्तकं, मंडळांचे अहवाल, उत्तरकार्याची कार्डं, फ्लेक्स. फ्लेक्सचं मशीन माझ्याकडे नाही. फाइल मी बनवते, प्रिंट बाहेरून आणते. गाळा घेतला 2014 मध्ये. त्याच वर्षी 1 ऑगस्टला पालघर जिल्हा झाला आणि पहिले सहा महिने मी जवळजवळ एकच काम केलं: 'जि. ठाणे' काढून 'जि. पालघर' टाकणं. लेटरहेड, बिलबुकं, शिक्के, सोसायट्यांचे फलक, पतपेढ्यांची पासबुकं. माझ्या दुकानाचं उद्घाटन सरकारने केलं, असं मी गमतीने सांगते.

त्याआधीची एकोणीस वर्षं लोअर परळच्या एका टाइपसेटिंगच्या ऑफिसात गेली. म्हणजे खरं तर विरार लोकलमध्ये गेली. ऑफिसात पेजमेकर आणि श्रीलिपी, लेझर प्रिंटरवर बटर पेपर काढायचा, त्यावरून प्लेट. डोळे दिवसभर काना-मात्रा-वेलांटीत. त्यामुळे असेल, पण रस्त्यावरच्या पाट्या, बिस्किटांचे पुडे, सिनेमाची पोस्टरं यांच्याकडे मी वाचायला म्हणून बघतच नाही. बघते ती अक्षरं कशी बसवलीत ते. माझ्या पिशवीत एक प्लास्टिकचं फोल्डर असायचं. रद्दीवाल्याकडून उचललेली दिवाळी अंकांची मुखपृष्ठं त्यात होती, दीनानाथ दलालांच्या 'दीपावली'ची, मुळगावकरांच्या 'रत्नदीप'ची. चॉकलेटचा चांदीचा कागद होता. नाटकांच्या जाहिरातींची कात्रणं होती. पुढे विरारला सायबर कॅफे निघाले, तासाला तीस रुपये. तिथे सापडलेलं काही आवडलं की मी पत्ता कागदावर लिहून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या प्रिंटरवर गुपचूप एक प्रत काढायची. फोल्डर फुगत गेलं.

बायकांच्या डब्यात भाजी निवडतात, हळदीकुंकू होतं, भांडणं होतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या घोळक्यात माझं फोल्डरही फिरायचं. "आज काय आणलंस गं?" आणि मग नवं काय ते हातोहात चौथ्या सीटपर्यंत जायचं. सगळ्याच गोष्टी रुजायच्या नाहीत. 'व्हर्टिगो' या 1958 च्या सिनेमाची सॉल बासने केलेली नामावली, डोळ्यातून फिरत बाहेर येणारी ती वर्तुळं, मी तीन पानांवर छापून मोठ्या उत्साहाने नेली होती. एकीने बघितलं, म्हणाली, "मला आधीच गाडीत गरगरतं." कागद परत फोल्डरमध्ये.

पण एक दिवस वेगळा होता. 2012 चं साल असावं. सुझन केअर नावाच्या बाईने मॅकिंटॉश कॉम्प्युटरसाठी काढलेली पहिली चित्रं मला सापडली होती. तो कॉम्प्युटर बाजारात आला 1984 मध्ये. फाइल टाकायची कचरापेटी, रंगाची कलती बादली, सुरू करताना हसणारा छोटा कॉम्प्युटर, सगळं तिने आधी चौकटीच्या वहीत पेनाने घरं भरून काढलं होतं. आमच्या कोरलड्रॉमधल्या खुणांची ही आज्जीच म्हणायची. मी ते डब्यात दाखवलं तेव्हा माझ्या डोक्यात होतं, की बघा, एका बाईने काढलंय. म्हणजे स्त्रीशक्ती वगैरे.

नालासोपाऱ्याला चढणारी एक ताई होती. अंधेरीपर्यंत तिच्या हातात दोसुतीचं कापड आणि सुई असायची. ती कधीच फोल्डर मागायची नाही. त्या दिवशी तिने कागद हातात घेतला, चष्मा वर केला आणि घरं मोजायला लागली. "बत्तीस बाय बत्तीस," ती म्हणाली. "आणि कोपरा गोल दिसायला हवा म्हणून कोपऱ्यातलं घर सोडून दिलंय. आम्ही मोराची मान अशीच वळवतो." मी तो कागद आठवडाभर बघत होते. सोडलेलं घर मला दिसलं नव्हतं. अक्षरांच्या कडा दिवसभर घासूनपुसून घेणारी बाई मी, आणि मला दिसलं नव्हतं.

पुढच्या सोमवारी तिने एक हातरुमालाएवढं दोसुती माझ्या हातात ठेवलं. त्यावर काळ्या दोऱ्याने भरलेला तो हसरा कॉम्प्युटर. "तोंड जरा वाकडं आलंय," एवढंच म्हणाली. ते दोसुती आजही माझ्या दुकानातल्या मॉनिटरच्या वर चिकटवलेलं आहे. गिऱ्हाइकांना वाटतं लेकीने शाळेत केलंय.

तेव्हापासून एक सवय लागली. काही सापडलं की आधी प्रश्न पडतो, हे कुणासाठी आहे? म्हणजे कुणाच्या हातात गेलं तर ते उघडेल? आगाशीकडचे एक वाडीवाले काका नर्सरीचं कार्ड करायला आले होते. कार्डाचा रंग ठरेना, म्हणून वेळ काढायला मी त्यांना दादासाहेब फाळक्यांची गोष्ट सांगितली. 'राजा हरिश्चंद्र' 1913 चा, हे सगळ्यांना पाठ असतं. फाळके आधी छपाईच्या धंद्यात होते, ब्लॉक करायचे, प्रेस चालवायचे, भागीदारांशी पटेना म्हणून बाहेर पडले, हे मला जास्त जवळचं वाटतं. तर सिनेमासाठी पैसे उभे करायचे होते, लोकांना पटवायचं होतं, म्हणून 1912 मध्ये त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि समोर कॅमेरा लावला. रोज थोडं थोडं चित्रण करत राहिले. पडद्यावर वाटाणा बघता बघता उगवला, वेल चढला. 'अंकुराची वाढ'. काका सगळं ऐकून म्हणाले, "वाटाणा कशाला घेतला पण? वाल घ्यायचा. वाल चार दिवसांत मान वर काढतो." सिनेमाच्या इतिहासात एवढी नेमकी सूचना मी कुठे वाचलेली नाही. कार्डावर त्यांनी शेवटी वालाचा कोंबच छापून घेतला.

आता दुकानातल्या पोराबद्दल. 2018 मध्ये मनवेलपाड्याहून एक मुलगा कामाला आला. बारावीनंतर कुठल्याशा क्लासमध्ये फोटोशॉप शिकलेला. मला ताई म्हणतो. हात चलाख, मराठी टायपिंग भयानक. त्याच्याकडे फोल्डर नव्हतं, फोन होता, आणि त्या फोनमधून दिवसाला पन्नास गोष्टी वाहत यायच्या. जपानी कार्टून, बुटांच्या जाहिराती, कुणी दहा सेकंदांत लोगो करतंय, कुणी जुन्या गाडीला रंग देतंय. "ताई हे बघा, ताई हे बघा." मी हातातलं काम सोडून बघायची आणि मान हलवायची. त्याने ते कुठून आणलं, कुणी केलं, विचारलं तर तो गोंधळायचा. "आलं फीडमध्ये."

त्याला नावं ठेवायला मला तोंड नव्हतं. का, ते सांगते.

दुकान नवं असताना, 2016 मध्येच, एका हौशी नाटक मंडळाच्या बॅनरसाठी मी नेटवर सापडलेल्या एका जुन्या जाहिरातीतली अक्षरं उचलली होती. नुसती शैली उचलली असं नाही, अक्षरंच. कोरलमध्ये ट्रेस केली, दोन अक्षरं नवीन जोडली. बॅनर झकास झाला. दुकानाबाहेर तो गुंडाळून ठेवत असताना एक वयस्कर गृहस्थ थांबले. झब्बा, खांद्याला शबनम. बराच वेळ बघत होते.

"कुणाचं अक्षर?"

"नेटवरचं आहे, काका."

"नेटला हात असतात का, बाई?"

एवढं बोलून ते स्टेशनकडे गेले. पुन्हा कधी दिसले नाहीत. मला तेव्हा राग आला होता. रात्री घरी भाकऱ्या थापताना मात्र ते वाक्य परत आठवलं आणि राग कुणावर काढावा ते कळेना. त्या जाहिरातीखाली नाव नव्हतं, हे खरं. मी शोधलंही नव्हतं, हेही खरं.

त्याचं उत्तर मिळालं चार वर्षांनी. जुलै 2020. लोकल सामान्य माणसांना बंद, लग्नं पन्नास माणसांत, पत्रिका छापतोय कोण. दुकानाचं शटर अर्धं. कमल शेडगे गेल्याची बातमी आली आणि दिवसभर सगळीकडून त्यांची अक्षरं येत राहिली. टाइम्स समूहाच्या कलाविभागात नोकरी करता करता या माणसाने मराठी नाटकांची नावं लिहिली. वर्तमानपत्रातल्या दोन कॉलमच्या जाहिरातीत नाव बघितलं की नाटक ऐतिहासिक आहे की फार्स, हे वाचायच्या आधी कळायचं. एखाद्या नावातली वेलांटीच तलवार उपसायची. त्या दिवशी आलेल्या ढिगात मी ट्रेस केलेलं नावही होतं. तोच 'य', शेपटीला तोच झोल. माझ्या फोल्डरमधल्या निम्म्या कात्रणांतली अक्षरं याच हाताची होती, आणि एकोणीस वर्षं ती मी पिशवीत घालून विरार ते लोअर परळ फिरवत होते.

दुसऱ्या दिवशी एक दोनशे पानी रजिस्टर काढलं. डावीकडे सापडलेली गोष्ट, मध्ये 'कुणाचं', उजवीकडे 'कुणासाठी'. पोराला सांगितलं, मधला रकाना रिकामा असेल तर मला दाखवायचं नाही. तो म्हणाला, "मग दाखवायला काही उरणारच नाही." पहिले दोन आठवडे खरंच काही उरलं नाही.

मग हळूहळू नावं यायला लागली, आणि त्यातली काही आमच्याच कॉम्प्युटरमध्ये बसलेली निघाली. मंगल हा फॉन्ट घ्या. डीटीपीवाल्यांचा त्याच्यावर पिढीजात राग. गिऱ्हाईक मंगलमध्ये मॅटर पाठवतं, ते आमच्या जुन्या फॉन्टमध्ये आणताना जोडाक्षरांची हाडं मोडतात, आणि शिव्या मंगलला. पोराने शोधून आणलं: र. कृ. जोशी. सुलेखनकार, कवी, पवईच्या आयआयटीत शिकवणारे. कॉम्प्युटरच्या पडद्यावर ठिपके कमी, वर रेघ, खाली उकार, मध्ये जोडाक्षरं, आणि विंडोज 2000 मध्ये ते सगळं वाचता यायला हवं. त्या अडचणीतून निघालेलं अक्षर आहे ते. जोशी 2008 मध्ये गेले. मी त्यांच्या अक्षराला जवळजवळ वीस वर्षं शिव्या घातल्या होत्या. अजूनही लग्नपत्रिकेत मंगल वापरणार नाही, पण शिव्या बंद झाल्या. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर जो गुटगुटीत 'बालू' दिसतो, आणि त्याहून लठ्ठ 'मोदक', ते मुंबईच्या एक टाइपचे, हेही रजिस्टरात आहे. मोदक फॉन्टमध्ये 'डाएट सेंटर' लिहून मागणारी एक बाई आली होती. मी दिलं.

रजिस्टर निघायच्या आधीचीच, पण रजिस्टरात पहिल्या पानावर मागून लिहिलेली एक नोंद आहे. ती सांगायलाच हवी, त्यासाठी थोडी छपाई सांगते.

चार रंगांची छपाई म्हणजे चार प्लेटा: निळी, गुलाबी, पिवळी, काळी. चारी एकावर एक बरोब्बर बसल्या की चित्र होतं. एखादी केसभर सरकली तर गणपतीच्या सोंडेला गुलाबी कड येते, अक्षरांमागे भूत उभं राहतं. आमच्यात म्हणतात, रजिस्टर हललं. 2017 च्या लग्नसराईत माझ्या पाचशे पत्रिका अशा आल्या. प्रेस कुठली ते सोडा. नवरीच्या वडिलांनी पत्रिका लांब धरून विचारलं, "मुलीचं नाव दोनदा लिहिलंय का?" सगळ्या पत्रिका पदरच्या पैशाने पुन्हा छापल्या. ते गठ्ठे मी टाकले नाहीत. मागच्या कोऱ्या बाजूवर हिशेब करत राहिले.

2019 मध्ये पोरगा फोन नाचवत आला. "ताई, हा पूर्ण पिक्चर मिसप्रिंट आहे." मला चिडवायचं होतं त्याला. 'स्पायडर-मॅन: इनटू द स्पायडर-व्हर्स'. कार्टून, कोळ्याचा मुलगा, मला त्यात काय रस. पण बघितलं आणि हातातला चहा तसाच राहिला. पुढचा मुलगा स्वच्छ, आणि मागच्या इमारतींचे रंग सुटलेले, गुलाबी एकीकडे, निळा एकीकडे. सावल्यांत छपाईचे ठिपके. कॅमेऱ्यात मागचं धूसर दिसतं, तसं धूसर करायचं नाकारून या लोकांनी मागचे रंग सरकवले होते. स्वस्त कागदावरच्या जुन्या कॉमिकमध्ये रजिस्टर हलायचं ना, तेच मुद्दाम केलेलं. एवढ्या मोठ्या पडद्यावर, एवढ्या खर्चाने. त्याच वर्षी त्याला ॲनिमेशनचं ऑस्कर मिळालं.

मी आधी हसले. मग टेबलाखालचा गठ्ठा काढला आणि एक पत्रिका लांब धरली, नवरीच्या वडिलांनी धरली होती तशी. आणि खरं सांगते, गणपती उठून दिसत होता. मागची कमान हलल्यासारखी वाटत होती आणि तो स्थिर. दोन वर्षं मी त्याच्या पाठीवर दूधवाल्याचे हिशेब लिहीत होते.

पोराच्या अंगात ते शिरलं. कॉलेजच्या पोरांच्या एका एकांकिकेचं पोस्टर आलं तेव्हा त्याने गुलाबी रंग तीन मिलिमीटर सरकवून फाइल बनवली. अर्ध्या तासात मशीनवाल्याचा फोन.

"ताई, फाइलमध्येच रजिस्टर हललंय."

"माहितीये. तसंच छापा."

"नंतर माझ्या नावाने बोंबलू नका."

पोस्टरं आली, सुंदर आली. त्या पोरांच्या मंडळाच्या खजिनदाराने छपाई खराब म्हणून पैसे कापायला सांगितले. मी त्याला फोनवर सिनेमा दाखवला, प्लेटा समजावल्या, कॉमिकचा इतिहास सांगितला. तो म्हणाला, "म्हणजे थ्रीडी चष्मा लावायचा का?" दोनशे रुपये कमी केले. ही गोष्ट त्याच्यासाठी नव्हती. मशीनवाल्यासाठी होती, ते मला उशिरा सुचलं. त्याला क्लिप पाठवली तर रात्री अकराला त्याचा उलटा फोन: "हे करायला यांना किती लोक लागले असतील? आमच्याकडे तर आपोआप होतं."

आमच्या आईची रीत होती, शेजारणीची वाटी रिकामी परत करायची नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर. हल्ली फोनवर येतात त्या वाट्या नुसत्याच येतात. पुण्याच्या वहिनीने मला एकदा कोल्डप्लेचं 'हिम फॉर द वीकेंड' पाठवलं, 2016 चा व्हिडिओ, बियॉन्से त्यात हिंदी नटी झालेली. सोबत एक शब्द नाही. परदेशी लोकांनी आपल्याकडचे साधू आणि रंगपंचमी गोळा केलीय म्हणून त्यावर बरीच टीका झाली होती, आणि ती मला पटते. पण दुसऱ्यांदा बघताना एका कमानीपाशी मी थांबले. वसईचा किल्ला! आमच्या जवळचाच. मी तेवढाच तुकडा कापून किल्ल्याजवळ राहणाऱ्या मावशीला पाठवला, खाली लिहून, की बघ तुझं अंगण. तिचं उत्तर आलं, "झुडपं कधी काढली?" मी ते उत्तर वहिनीला पाठवलं. वाटी भरली.

पोरगा आता दुकानात चांगलाच जुना झालाय. त्याचं टायपिंग सुधारलं नाही. गेल्या पावसाळ्यात एकदा तो दुकानात भिजत आला. स्टेशनजवळचं एक जुनं शिलाईचं दुकान बंद होऊन तिथे मोबाइलवाला आला होता आणि वरची पत्र्याची, हाताने रंगवलेली पाटी उतरवत होते. पिवळ्यावर लाल अक्षरं, काळी सावली दिलेली. त्याने पाटी मागितली तर भंगारवाल्याने आधीच तोलून घेतली होती. मग त्याने फोटो काढला.

फोन माझ्यापुढे धरला. पाटीचा वरचा भाग फोटोत नव्हता, दुकानाचं नाव निम्मं कापलेलं, मध्ये कुणाचा तरी खांदा आलेला.

"अरे, नीट काढायचा ना."

"ताई, ते बघू नका. खाली बघा."

खाली उजव्या कोपऱ्यात, पत्रा गंजला होता तिथून जेमतेम बोटभर वर, बारीक तिरप्या अक्षरात पेंटरचं नाव होतं, त्यापुढे 'आर्ट्स', आणि खाली 'विरार'. तो कोपरा मात्र फोटोत पूर्ण आला होता.